पक्ष्याच्या पायातली चिठ्ठी

दुर्मिळ पक्षी दिसला म्हणून सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘फोटो आहे का?’ सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न ‘कातडं आहे का?’ असा होता. पक्षी बंदुकीने टिपायचा, सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. कुठे मिळाला, कधी, कोणाला. चिठ्ठी हरवली की ते कातडं अभ्यासाच्या दृष्टीने जवळपास बिनकामाचं.

नागपूर 1861 पासून मध्यप्रांताची राजधानी होतं आणि 1863 मध्ये इथे मध्यवर्ती संग्रहालय उभं राहिलं, म्हणजे आपला अजब बंगला. इथलेच ई. ए. डिअब्रू यांनी पुढे मध्यप्रांतातल्या पक्ष्यांची यादी केली. विदर्भात अमुक पक्षी पूर्वी होता की नव्हता, हे ठरवताना अशा जुन्या याद्यांचाच आधार घ्यावा लागतो.

या चिठ्ठीने केवढा घोळ होऊ शकतो ते पाहायचं तर रानपिंगळा या छोट्या घुबडाची गोष्ट घ्यावी. मध्यप्रांताच्या पूर्व टोकाला, आजच्या छत्तीसगडात, ब्लुइट या संग्राहकाला तो मिळाला आणि 1873 साली पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. डेव्हिडसन या दुसऱ्या संग्राहकाने 1884 पर्यंत खानदेशातून काही नमुने गोळा केले आणि नंतर पक्षी गायबच झाला. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याचा एक नमुना मात्र होता, 1914 सालचा, गुजरातेतला. लोक त्या भागातही शोधत राहिले. पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुनी कातडी तपासली तेव्हा कळलं की हा डेव्हिडसन यांचाच नमुना. संग्रहालयातून पळवून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावलेला. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर गेल्यावर नोव्हेंबर 1997 मध्ये खानदेशातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. नंतर मेळघाटातही त्याच्या नोंदी झाल्या.

यात नागपूरचंही नाव येतं, आणि ते फारसं मिरवण्यासारखं नाही. 1968 साली नागपूर भागात काढलेले फोटो रानपिंगळ्याचे म्हणून पुढे आले होते. नीट पाहिल्यावर तो साधा पिंगळा निघाला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं आणि शेपटीवरचे पट्टे रुंद. फोटो असूनही ओळख चुकते ती अशी. तरी एक फायदा झालाच: फोटो होता म्हणून ती चूक पुढे कोणाला तरी पकडता आली. नुसत्या ‘मी पाहिला’ला असं तपासता येत नाही.

हिवाळी पाहुण्यांचं गणित वेगळं. ते येतात ते बहुतेक माणसाने बांधलेल्या पाण्यावर. नागपूरचा अंबाझरी तलाव शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला, तर पूर्व विदर्भातले मामा (माजी मालगुजारी) तलाव सिंचनासाठी. पावसाळा संपला की पाणी मागे सरतं, काठावर गाळपेर होते, हरभरा-गहू उगवतो आणि मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हे हंसवर्गीय पक्षी त्यात चरायला उतरतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही बदकं पाण्यावर. बेशरमच्या झुडपाआड पोटावर पडून राहायचं, नाहीतर गाडीतच बसायचं. पक्षी गाडीला तितकासा बुजत नाही, माणूस खाली उतरला की थवा उठतो.

फिल्मच्या काळात एका रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यामुळे लांबच्या बदकावर कोणी ते वाया घालवत नसे. 2003-04च्या सुमारास डिजिटल एसएलआर कॅमेरे हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागले, आणि दहाएक वर्षांनी लांबचं जवळ आणणाऱ्या 150-600 मिलिमीटरच्या झूम लेन्स आल्या. तोवर उडत्या भोवत्याची (हा एक शिकारी पक्षी) मान नि पंखाची खालची बाजू फोटोत नीट मिळणं हा नशिबाचा भाग होता. आता दूर गेलेला पक्षीही घरी येऊन मोठा करून ओळखता येतो. माझ्या मते पक्षीनिरीक्षणात झालेला सगळ्यात मोठा बदल हाच. पण त्याबरोबर बंदुकीची सवयही थोडी परत आली. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून दगड मारणारे, आवाजाची रेकॉर्डिंग लावून पक्ष्याला दमवणारे दिसतातच. कडाक्याच्या थंडीत पुन्हा पुन्हा उठवलेल्या बदकाचं खाणं बुडतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

आणि चिठ्ठी? ती आता कॅमेरा आपोआप लिहितो: तारीख, वेळ, कधी जागासुद्धा. त्यामुळे पूर्वी जी माहिती लपवणं हा गुन्हा ठरला असता, ती आता काही वेळा लपवावी लागते. घरटं करणाऱ्या दुर्मिळ पक्ष्याची जागा जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची रांग. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्ड या संकेतस्थळावरही काही संवेदनशील जातींची नेमकी जागा म्हणूनच झाकलेली असते. हिवाळी बदकांचं तसं नाही. त्यांचा तलाव, तारीख आणि संख्या खुशाल लिहावी, मोजदादीला तेच लागतं. मंगोलियात मानेत पट्टा घातलेले पट्टकदंब भारतात ओळखले गेले ते असल्याच फोटोंवरून. तिथे फोटोत पिसांचा रंग कसा आला याला कोणी विचारत नाही. पट्ट्यावरचा क्रमांक वाचता आला पाहिजे.