सेंटर बॅकच्या डोक्याचा हिशोब

गोलकीपरने चेंडू उंच फटकावला की तो पन्नास-साठ मीटर हवेत राहून मध्यरेषेच्या पलीकडे उतरू लागतो. खाली समोरच्या संघाचा सेंटर बॅक, म्हणजे मागच्या फळीत मधोमध खेळणारा बचावपटू, उभा असतो. तो दोन पावलं मागे सरकतो, एका पायावर उडी घेतो आणि कपाळाने चेंडू आला तसा परत धाडतो. यालाच हेडर म्हणतात. इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉल सामन्यात हे इतकं नित्याचं आहे की समालोचकही त्यावर वाक्य खर्च करत नाहीत.

जरा आकडेमोड करू. नियमाप्रमाणे चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. समजा ४३० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला १८ मीटर वेगाने आला आणि हेडरनंतर १० मीटर वेगाने उलट गेला. कपाळ आणि चेंडू एकमेकांना साधारण १२ सहस्रांश सेकंद चिकटून असतात. तेवढ्या वेळात चेंडूची दिशा पालटायची तर सरासरी १००० न्यूटन बल लागतं, म्हणजे शंभर किलोच्या वजनाइतकं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. मान सैल असेल, तर या धक्क्याने डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या वीस-बावीस पट त्वरण मिळतं. हे गणित ढोबळ आहे आणि क्षणभराचं कमाल बल सरासरीच्या बरंच वर जातं, पण अंदाज यायला एवढं पुरे.

मान घट्ट असली की चित्र बदलतं. हनुवटी आत, दात आवळलेले आणि मानेचे पुढचे-मागचे स्नायू चेंडू लागण्याच्या आधीच ताणलेले असले, तर डोकं एकटं राहत नाही. मान आणि धड त्याच्याबरोबर एकसंध होतात, धक्का जास्त वस्तुमानात वाटला जातो आणि डोकं कमी हलतं. म्हणून प्रशिक्षक धड आधी धनुष्यासारखं मागे वाकवायला लावतात. डोळे उघडे ठेवायचे, केसांच्या रेषेच्या किंचित खालचं सपाट कपाळ चेंडूला लावायचं आणि चेंडूची वाट न बघता स्वतः चेंडूवर जायचं. नवशिक्याचं चुकतं ते शेवटच्या क्षणी. डोळे मिटतात, मान खांद्यांत दबते, चेंडू टाळूवर बसतो. अनुभवी खेळाडूचं चुकतं ते मागून धक्का बसल्यावर किंवा चेंडू नुसता निसटता वळवताना. तेव्हा डोकं गर्रकन फिरतं, आणि मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा हे फिरणं जास्त बाधतं. कवटी आधी वळते, आतला मऊ मेंदू क्षणभर मागे राहतो आणि त्यातल्या मज्जापेशींचे लांब तंतू ताणले जातात.

फुटबॉलमध्ये डोकं गरगरून खेळाडू खाली पडतो तो बहुतेक वेळा चेंडूमुळे नाही, तर डोक्यावर डोकं किंवा कोपर आपटल्यामुळे. नुसत्या हेडरने सहसा काहीच जाणवत नाही. खेळाडू पुढच्या चेंडूमागे पळतो. खरी चिंता या न जाणवणाऱ्या धक्क्यांचीच आहे, कारण त्यांची गणती कोणी ठेवलेली नसते आणि सेंटर बॅकच्या वाट्याला ते सामन्यागणिक येतात, वर सरावातले वेगळे.

हा माणूस त्या जागेवर पोचतो कसा, हेही बघण्यासारखं आहे. इंग्लंडमधले क्लब मुलांना नऊ वर्षांखालच्या गटापासून अकादमीत नोंदवतात. २०१२ पासून या अकादमींना सुविधा आणि प्रशिक्षणाच्या दर्जाप्रमाणे चार श्रेणी दिल्या जातात. सोळाव्या वर्षी काही मोजक्या मुलांना दोन वर्षांची स्कॉलरशिप मिळते, सतराव्या वर्षापासून व्यावसायिक करार करता येतो. बाकीच्यांना वाटेत कुठेतरी निरोप मिळतो. वयोगटाची सीमा १ सप्टेंबरला असल्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जन्मलेली मुलं आपल्याच गटातल्या जुलै-ऑगस्टच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असतात, आणि अकादमींमध्ये त्यांचंच प्रमाण जास्त दिसतं. निवड गुणांवर होते असं सगळे म्हणतात. पण दहा वर्षांच्या वयात गुण आणि अकरा महिन्यांचा फरक वेगळे करणं भल्याभल्यांना जमत नाही.

मुलांची उंची सर्वात झपाट्याने वाढते ती चौदाव्या वर्षाच्या आसपास, वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर. एखाद्याला हा टप्पा बाराव्या वर्षी गाठतो, एखाद्याला सोळाव्या. लवकर वाढलेला मुलगा हवेतले सगळे चेंडू जिंकतो, म्हणून त्याला मागच्या फळीच्या मधोमध उभं केलं जातं. पुढे बाकीचे त्याच्या उंचीला येतात तेव्हा कळतं की जागा ओळखणं, आधी हलणं, चेंडू पायात घेऊन वळणं हे त्याला शिकण्याची गरजच पडली नव्हती. यावर उपाय म्हणून मुलाची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून त्याची प्रौढपणीची उंची अंदाजली जाते आणि त्या उंचीच्या, समजा, ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोचलेल्या मुलांना वय न बघता एकत्र खेळवलं जातं. ताडमाड मुलाला तिथे पहिल्यांदाच तोडीस तोड कोणीतरी भेटतं.

याच काळात हाडं स्नायूंपेक्षा वेगाने लांबतात. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याखाली जिथे नडगीच्या हाडाला जोडलेला असतो, तिथली वाढीची कूर्चा ओढली जाते, टेंगूळ येतं आणि जिना उतरतानाही कळ येते. टाचेतही असंच होतं. कण्याच्या खालच्या मणक्यांना बारीक भेगा पडू शकतात. अशा वेळी उड्या आणि फटके काही आठवडे कमी करणं हाच खरा इलाज. म्हणून चांगल्या अकादमीत मुलांची उंची ठरावीक अंतराने मोजून नोंद ठेवली जाते, आणि वाढीचा वेग चढलेला दिसला की सराव घटवला जातो.

व्यावसायिक संघात आल्यावर पायांचा हिशोब सुरू होतो. सेंटर बॅक एका सामन्यात साधारण नऊ-दहा किलोमीटर धावतो. मधल्या फळीतल्या खेळाडूपेक्षा कमीच. फुल बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, जास्त धावतो आणि त्यातला मोठा भाग भरधाव असतो, कारण हल्ली त्याच्याकडून हल्लाही अपेक्षित आहे. पण किलोमीटरवरून सेंटर बॅकचं काम कळत नाही. त्याचं काम म्हणजे थांबणं आणि वळणं. तो पुढे तोंड करून उभा असतो, स्ट्रायकर, म्हणजे समोरच्या संघाचा गोल करणारा आघाडीचा खेळाडू, त्याच्या खांद्यामागून सुटतो. मग अर्धं वर्तुळ वळून थेट पूर्ण वेगात जायचं. खेळाडूंच्या पाठीवर, खांद्यांच्या मध्ये बसवलेलं जीपीएस यंत्र म्हणूनच वेगाबरोबर वेग किती झटकन वाढला आणि किती झटकन उतरला हेही टिपतं.

इथेच मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दगा देतो. भरधाव धावताना पाय पुढे झेपावतो आणि जमिनीला टेकण्याच्या जरा आधी हा स्नायू लांबत असतानाच आकसून पायाला लगाम घालतो. या उलट्या ओढाताणीत त्याचे तंतू तुटतात. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या वीसेक वर्षांच्या नोंदींत एकूण दुखापतींमधला हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला आहे. यावर एक साधा, बिनखर्चाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर बसायचं, साथीदाराने घोटे दाबून धरायचे आणि धड सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकत जायचं. नियमित केल्यास या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. तरी तो टाळला जातो. पहिल्या काही दिवसांत मांड्या इतक्या ठणकतात की शनिवारी सामना असताना गुरुवारी कोणी त्याला हात लावत नाही, आणि सामने आठवड्याला दोन असले की करायला दिवसच उरत नाही.

गुडघ्याचं दुखणं मात्र व्यायामाने परत फिरत नाही. टॉटनहॅम क्लबचा सेंटर बॅक लेडली किंग हे त्याचं ठळक उदाहरण. त्याच्या एका गुडघ्यातली कूर्चा जवळजवळ झिजून गेली होती. सामन्यानंतर गुडघा सुजायचा, म्हणून संघाबरोबरचा सराव बंद. आठवडाभर पोहणं आणि जिममधली हलकी कामं, मग थेट पुढचा सामना. असा तो प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेच्या, स्ट्रायकरांना रोखत राहिला आणि २०१२ मध्ये, ३१ व्या वर्षी निवृत्त झाला. तो धावून नाही, आधी ओळखून चेंडू काढायचा. याच कारणाने सेंटर बॅकची जागा म्हाताऱ्यांना मानवते. ब्राझीलचा सेंटर बॅक थियागो सिल्व्हा चेल्सी क्लबसाठी २०२४ मध्ये, ३९ व्या वर्षीही खेळत होता. वेग उतरला तरी डोळा तयार असतो. मात्र कारकीर्द जितकी लांबते, तितकी हेडरांची संख्याही वाढत जाते.

त्या संख्येचं काय होतं, याचं सर्वात भक्कम उत्तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून आलं. तिथले मेंदुविकृतितज्ज्ञ विली स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना त्याच वयाच्या आणि तशाच आर्थिक स्तरातल्या २३,०२८ सामान्य पुरुषांशी केली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये साडेतीन पट होतं. टक्क्यांत बघितलं तर १.७ विरुद्ध ०.५, म्हणजे बहुसंख्य खेळाडू या आजारांनी गेले नव्हते. हृदयविकार आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने ते उलट कमी दगावले. सत्तरीपर्यंत त्यांचा एकूण मृत्युदर इतरांपेक्षा कमी होता, सत्तरीनंतर तो जास्त झाला.

२०२१ मध्ये त्याच माहितीची मैदानावरच्या जागेनुसार फोड झाली, आणि बचावपटूंचा धोका सर्वात जास्त निघाला, सामान्यांच्या सुमारे पाचपट. गोलकीपरचा आकडा सामान्यांपेक्षा ठामपणे वेगळा म्हणता येईल असा नव्हता. कारकीर्दीची लांबीही बोलकी ठरली. थोडी वर्षं खेळलेल्यांत धोका दुपटीच्या आसपास, पंधरा वर्षांहून जास्त खेळलेल्यांत पाचपट. स्वीडनच्या सहा हजारांवर खेळाडूंच्या २०२३ च्या अभ्यासात धोका सामान्यांच्या दीडपटच दिसला, पण गोलकीपर तिथेही वाचलेले होते. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही हे खरं. तरी एकाच मैदानावर, एकाच क्लबमध्ये, तोच आहार-व्यायाम करणाऱ्यांमध्ये फक्त हेडर न मारणारा माणूस सुटत असेल, तर संशय दुसऱ्या कशावर घ्यायचा?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला चेहरे आहेत. वेस्ट ब्रॉमिच क्लबचा जेफ ॲस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लिहिलं, व्यवसायजन्य आजार. तो होता स्ट्रायकर, पण हेडरसाठी नावाजलेला. पुढे स्टुअर्ट यांनी त्याच्या मेंदूची पुन्हा तपासणी केली. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊ नावाचं प्रथिन साठलेलं होतं. वारंवार डोक्याला मार बसलेल्या मुष्टियोद्ध्यांत सापडणारी ही खूण आहे आणि तिचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या अकरांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि जॅक व बॉबी चार्ल्टन या पाच जणांना स्मृतिभ्रंशाने गाठलं. त्यातला जॅक हा लीड्स क्लबचा सेंटर बॅक, एकाच क्लबसाठी सातशेहून अधिक सामने खेळलेला. अकरा जणांवरून शास्त्र ठरत नाही, पण इंग्लंडमध्ये हा विषय घराघरात पोचला तो या नावांमुळे.

‘तेव्हाचे चामड्याचे चेंडू पाण्याने जड व्हायचे, आता तसं नाही,’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कोरड्या चेंडूचं वजन १९३७ पासून फारसं बदललेलं नाही. भिजलेला चेंडू जड व्हायचा हे खरं, पण तो हळूही यायचा. आजचा कोरडा चेंडू पावसातही सुसाट येतो. संवेगाच्या हिशोबात वजन आणि वेग दोन्ही धरावे लागतात. ग्लासगोच्या अभ्यासातही १९१० ते १९६९ दरम्यान जन्मलेल्यांमध्ये पिढीनुसार धोका घटताना दिसला नाही.

इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने २०२१-२२ च्या हंगामापासून व्यावसायिक क्लबांना सांगितलं आहे की सरावात खेळाडूने आठवड्याला जास्तीत जास्त दहाच जोरकस हेडर मारावेत. जोरकस म्हणजे ३५ मीटरहून लांबून आलेल्या पासवरचे, तसंच क्रॉस (कडेने गोलसमोर टाकलेला चेंडू), कॉर्नर आणि फ्री किकवरचे. याचा फटका सर्वात जास्त सेंटर बॅकच्या सरावाला बसला, कारण कॉर्नर अडवण्याची एक नेहमीची तालीमच हा कोटा संपवते. म्हणून आता जागा पकडणं आणि उडीची वेळ साधणं हे बिनचेंडूने किंवा हाताने टाकलेल्या हलक्या चेंडूवर घोटतात, मानेचे स्नायू वेगळे कमावतात आणि खरे दहा हेडर आठवड्याच्या शेवटी वापरतात. मुलांसाठी नियम आणखी कडक आहे: सात वर्षांखालच्या गटापासून अकरा वर्षांखालच्या गटापर्यंत सामन्यातलाही मुद्दाम मारलेला हेडर २०२४-२५ ते २०२६-२७ या तीन हंगामांत टप्प्याटप्प्याने बंद केला जात आहे. प्रीमियर लीगमध्ये २०२१ पासून मेंदूला मार बसल्याचा संशय आला तरी खेळाडूला कायमचं बाहेर काढून नेहमीच्या कोट्याबाहेरचा बदली खेळाडू आणता येतो. प्रौढांच्या प्रत्यक्ष सामन्यातल्या हेडरांवर मात्र कसलीही मर्यादा नाही. आघाडी टिकवायची शेवटची दहा मिनिटं उरली आणि समोरचा संघ क्रॉसमागून क्रॉस टाकू लागला, की आठवड्याचा कोटा तेवढ्यातच संपतो आणि तो मोजायला बाकावर कोणी बसलेलं नसतं.