भट्टीतून सोनं निघतं, चिप निघत नाही

गेल्या पावसाळ्यात माझा मॉनिटर अचानक बंद पडला. पुण्यातल्या तपकीर गल्लीत दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं आणि पॉवर सप्लायच्या बोर्डावर बोट ठेवलं. दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या, डोक्याकडून फुगले होते. या डबीत इलेक्ट्रोलाइट नावाचा वीजवाहक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो आटतो, आत वायू साठतो आणि डोक्यावर मुद्दाम कोरलेली खाच वर उचलली जाते. त्याने कथील वितळवून दोन्ही काढले, नवे बसवले आणि मॉनिटर उजळला. पडदा, केबल, मुख्य बोर्ड, सगळं आधीपासूनच ठणठणीत होतं!

तोच मॉनिटर भंगारात दिला असता तर? २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा उघड्यावर जाळला जातो, नाहीतर ॲसिडच्या टबात बुडवला जातो. ते काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसांत आणि रक्तात शिसं जातं.

रीतसर पुनर्चक्रणाची ताकद मोठी आहे, यात शंका नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने लोकांकडून सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणं गोळा केली, त्यांत ६२ लाख मोबाइल होते. त्यातून ३२ किलो सोनं निघालं. पण भट्टी काय करते ते पाहा. वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलेडियम स्वतःत ओढून घेतं. टँटलम आणि दुर्मिळ मृदा धातू मात्र ऑक्साइड होऊन मळीत, म्हणजे भट्टीतल्या टाकाऊ थरात, जातात. आणि चिप? शेकडो टप्प्यांतून, अतिशुद्ध पाणी आणि अफाट वीज खर्चून सिलिकॉनवर कोरलेली ती नक्षी क्षणात नाहीशी होते. किंमत खरी त्या नक्षीची होती.

म्हणून पुनर्निर्मिती मला पुनर्चक्रणाहून वरची वाटते. यात यंत्र पूर्ण सुटं करतात, प्रत्येक भाग धुऊन तपासतात, झिजलेले तेवढे बदलतात आणि नव्यासारखी हमी देऊन परत विकतात. झेरॉक्स कंपनीने १९९० च्या दशकात फोटोकॉपी यंत्रांच्या बाबतीत हे मोठ्या प्रमाणावर केलं. तिची बरीच यंत्रं भाड्याने दिलेली असत, म्हणजे ती फिरून तिच्याच दारी येणार. मग स्क्रू सहज निघावेत, ड्रम पटकन बदलता यावा, सांगाडा टिकावा, हे तिच्याच फायद्याचं ठरलं. एकदा विकून मोकळं होणाऱ्याला अशी काळजी कशाला?

आजच्या मोबाइलची बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. ती काढताना पडदा तडकला की दुरुस्ती नव्या फोनइतकी महाग पडते. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यायला हवी. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण त्यांचा भर धातू परत मिळवण्यावर आहे. बॅटरी सुटी निघावी अशी अट आपल्याकडेही हवी, तीही लवकर.