एकाचे दोन करणारी वायर: स्प्लिटर की कंबाइनर?

पीएस (प्लेस्टेशन) ४, पीएस ५ किंवा एक्सबॉक्स सीरिज या गेम खेळायच्या कन्सोलच्या कंट्रोलरला ३.५ मिमीचा जॅक असतो. घरातला वायरवाला साधा हेडफोन त्यात खुपसला की आवाज येतो; मोबाइलचा माइकवाला इअरफोन असेल तर बहुतेक वेळा बोलताही येतं. म्हणजे खर्च शून्य. घोळ सुरू होतो तो कॉम्प्युटरचा जुना हेडसेट बाहेर काढल्यावर. त्याला पिना दोन, हिरवी आवाजाची आणि गुलाबी माइकची, आणि कंट्रोलरला जॅक एकच.

मग आपण दुकानात 'वाय केबल' मागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मागा नाहीतर ऑनलाइन, या नावाखाली दोन निराळ्या वस्तू मिळतात आणि दिसायला त्या अगदी जुळ्या असतात. पहिली स्प्लिटर. एकाच मोबाइलवर दोघांनी सिनेमा बघायचा, तर ही. तिच्या दोन्ही सॉकेटांत तोच डावा-उजवा आवाज जातो, माइकसाठी वेगळं सॉकेट तिच्यात नसतंच. दुसरी कंबाइनर, म्हणजे हेडसेट अडॅप्टर. तिच्या एका सॉकेटात आवाज येतो आणि दुसऱ्यातून माइक आत जातो. आपल्याला हवी ती ही.

ओळखायचं कसं? पाकिटावरच्या नावाला भुलू नका, पिन बघा. धातूवर प्लॅस्टिकचे बारीक पट्टे असतात, बहुधा काळे. दोन पट्टे म्हणजे धातूचे तीन भाग: डावा, उजवा, अर्थिंग. हा स्प्लिटर. तीन पट्टे असतील तर चौथा भाग माइकचा. मात्र काही स्प्लिटरनाही तीन पट्टे असतात, म्हणून सॉकेटांवरची चित्रंही बघा: एकावर हेडफोन, दुसऱ्यावर माइक असेल तरच घ्या. दोन्हीवर हेडफोनच असेल तर परत ठेवा.

चुकीची वायर जोडली तरी काही जळत नाही, आणि म्हणूनच चूक लवकर सापडत नाही. स्प्लिटर लावल्यावर गेमचा आवाज झकास येतो, मित्रांचं बोलणंही ऐकू येतं, फक्त आपलं त्यांना जात नाही. लोक माइक बिघडला समजून नवा हेडसेट घेऊन मोकळे होतात! उलट, कंबाइनरवर दोघं ऐकायला बसले, तर माइकच्या सॉकेटवाल्याच्या कानात शुकशुकाट.

वायर बरोबर असूनही पीएस ४ वर फक्त मित्रांचंच बोलणं येत असेल, तर दोष सेटिंगचा. सेटिंग्ज, डिव्हाइसेस, ऑडिओ डिव्हाइसेस इथे जाऊन हेडफोनचं आउटपुट 'ऑल ऑडिओ' करा. ब्लूटूथ हेडफोन मात्र पीएस किंवा एक्सबॉक्सला थेट जोडता येत नाहीत. निन्टेन्डो स्विचला ती सोय २०२१ च्या अपडेटपासून आहे. आणि सेकंडहँड एक्सबॉक्स वन घेत असाल तर आधी कंट्रोलर हातात घेऊन बघा. २०१३ च्या पहिल्या कंट्रोलरना ३.५ मिमीचा जॅकच नव्हता, त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो.