अवरक्त फोकस-खूण

अवरक्त फोकस-खूण : छायाचित्रण भिंगाच्या नळीवर, अंतर-मापपट्टीच्या मुख्य निर्देशरेषेपासून किंचित बाजूला असलेला लाल ठिपका, लाल रेघ किंवा लाल ‘आर’ अक्षर. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात साधलेला फोकस अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगापलीकडील अदृश्य) प्रारणासाठी किती सरकवावा, हे ती दर्शविते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ३५ मिमी. कॅमेऱ्यांच्या हस्तचलित भिंगांवर ती सर्रास आढळते. स्वयंचलित फोकसच्या भिंगांवर ती क्रमाने विरळ होत गेली.

काचेचा अपवर्तनांक (प्रकाश वळविण्याच्या क्षमतेचे माप) तरंगलांबी वाढेल तसा कमी होतो आणि त्यामुळे भिंगाचे केंद्रांतर (फोकल लेंग्थ) वाढते. बीके७ या नेहमीच्या क्राउन काचेचा अपवर्तनांक ५८७.६ नॅनोमीटरला १.५१६८, तर ८५२ नॅनोमीटरला सुमारे १.५०९८ असतो; म्हणजे या काचेच्या एकेरी भिंगाचे केंद्रांतर तेवढ्या पल्ल्यात जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढेल. अवर्णी भिंगात दोन प्रकारच्या काचा जोडून निळ्या आणि लाल भागांतील दोन तरंगलांबी एकाच प्रतलात आणलेल्या असल्याने हा दोष पुष्कळ आटोक्यात येतो, पण दृश्य पट्ट्याबाहेर गेल्यावर उरलेले वर्णविपथन (निरनिराळ्या तरंगलांबींचा फोकस वेगवेगळ्या जागी पडण्याचा दोष) पुन्हा डोके वर काढते. फिल्मच्या काळातील प्रचलित नियमाप्रमाणे, खूण नसलेले भिंग केंद्रांतराच्या पाव टक्क्याने पुढे घ्यावे. ५० मिमी. भिंगासाठी हे अंतर ०.१२५ मिमी. भरते. हा नियम सरासरी स्वरूपाचा आहे, कारण प्रत्यक्ष सरकण भिंगाच्या रचनेनुसार बदलते.

वापरण्याची रीत सरळ आहे. दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर लावण्याआधी नेहमीप्रमाणे फोकस साधावा, मुख्य रेषेसमोर आलेले अंतर वाचावे आणि फोकसचे कडे फिरवून तोच आकडा लाल खुणेसमोर आणावा. पाव टक्क्याचा नियम धरला, तर ५० मिमी. भिंगावर ३ मीटरचा आकडा लाल खुणेसमोर आणल्यावर मुख्य रेषेसमोर सुमारे २.६ मीटर दिसेल. अनंताचे चिन्ह खुणेसमोर आणल्यास तिथे सुमारे २० मीटर येईल. याच हिशोबाने २०० मिमी. भिंगासाठी हे अंतर ८० मीटर होते. थोडक्यात, फोकस नेहमी जवळच्या बाजूला सरकतो. खूण एकच असली, तरी अति-निकट चित्रणात ती अपुरी पडते, कारण आवश्यक सरकण वर्धनाबरोबर (वस्तूच्या तुलनेत प्रतिमेच्या आकाराबरोबर) वाढते आणि वस्तूएवढ्याच आकाराची प्रतिमा घेताना ती चौपट होते.

खूण नेमक्या कोणत्या तरंगलांबीसाठी कोरलेली असते, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. कॅननच्या माहितीपत्रकांत ८०० नॅनोमीटर असा स्पष्ट उल्लेख सापडतो आणि तोच आकडा पुढे सर्वच उत्पादकांना लावला जातो. मात्र इतरांच्या बाबतीत ती साधारण ८०० ते ८५० नॅनोमीटरच्या आसपासची तडजोड मानणे अधिक सयुक्तिक ठरते. फिल्टर बदलला की खुणेचा अर्थही बदलतो. कोडॅकच्या रॅटन मालिकेतील ८७ क्रमांकाच्या किंवा त्याहून गडद फिल्टरला पूर्ण सरकण लागते. उलट रॅटन २५ हा लाल फिल्टर बराचसा दृश्य लाल प्रकाशही आत सोडतो, त्यामुळे मुख्य रेषा आणि खूण यांच्या मधली जागा धरणे श्रेयस्कर. सुमारे ७४० नॅनोमीटरपर्यंतच संवेदनशील असलेल्या इल्फर्ड एसएफएक्स २०० सारख्या फिल्मसाठी पूर्ण सरकण जास्तच होते; सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंत पोचणाऱ्या आणि २००७ मध्ये बंद झालेल्या कोडॅक हायस्पीड इन्फ्रारेडची गोष्ट वेगळी होती.

लहान ॲपर्चर (भिंगातील प्रकाशाचे छिद्र; एफ/ पुढचा आकडा मोठा तितके ते लहान) वापरून खुणेकडे दुर्लक्ष करता येते, हे अंशतः खरे आहे. ३५ मिमी. फिल्मसाठी ०.०३ मिमी. अस्पष्टता चालवून घेतली, तर फिल्मच्या बाजूची सहनमर्यादा एफ/४ ला ०.१२ मिमी. आणि एफ/८ ला ०.२४ मिमी. मिळते, म्हणजे ५० मिमी. भिंगाची चूक एफ/८ ला झाकली जाते, एफ/२ ला मुळीच नाही. पण ॲपर्चर फार लहान केल्यास विवर्तन (लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे) आड येते : एफ/१६ ला ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा विवर्तन-ठिपका सुमारे ०.०३१ मिमी. व्यासाचा, म्हणजे वर धरलेल्या मर्यादेहून मोठा होतो.

खुणेच्या उगमाविषयी निश्चित विधान करणे कठीण आहे. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये अवरक्त प्रारण ओळखले आणि रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये अवरक्त छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील पांढऱ्याशुभ्र पालवीला पुढे वुड यांचेच नाव मिळाले. अवरक्त छायाचित्रण हे फिल्मला अवरक्त प्रारणासाठी संवेदनशील करणाऱ्या रंगद्रव्यांच्या प्रगतीनंतर साधारण १९३० च्या दशकात सर्वसामान्य छायाचित्रकारांच्या आवाक्यात आले. खुणेचा संबंध लष्करी हवाई चित्रणाशी जोडता येतो, परंतु हवाई कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर कायमचा बसवलेला असल्याने त्याला सरकत्या खुणेचे प्रयोजन नव्हते. मोठ्या ॲपर्चरची भिंगे आणि कोरलेली अंतर-मापपट्टी असलेल्या लहान कॅमेऱ्यांच्या गरजेतून ती रूढ झाली असावी, हे मत त्या मानाने ग्राह्य वाटते.

खूण रचनेशी किती बांधलेली असते, याचे चांगले उदाहरण पेंटॅक्स कॅमेऱ्यांच्या सुपर-टाकुमार ५० मिमी. एफ/१.४ या भिंगात मिळते. त्याच्या १९६० च्या दशकातील आठ घटकांच्या आवृत्तीत लाल रेघ डेप्थ ऑफ फील्डच्या (स्पष्ट दिसणाऱ्या अंतरांच्या पल्ल्याच्या) पट्टीवरील ‘४’ या आकड्याच्या उजवीकडे, तर नंतरच्या सात घटकांच्या आवृत्तीत ‘४’ आणि मुख्य रेषा यांच्यामध्ये असते. संग्राहक भिंग न उघडता याच रेघेवरून आवृत्ती ओळखतात. पुढेमागे सरकवण्याच्या झूम भिंगांवर ठिपक्याऐवजी लाल वक्ररेषा असते, कारण केंद्रांतरानुसार सरकण बदलते. आरसा-भिंगांना (मुख्यतः आरशांनी प्रतिमा घडविणाऱ्या भिंगांना) ही दुरुस्ती जवळजवळ लागत नाही. हॅसलब्लाड कॅमेऱ्यासाठीच्या झाइस सोनार सुपरॲक्रोमॅट २५० मिमी. एफ/५.६ ची वर्णदुरुस्ती ४०० ते १००० नॅनोमीटरपर्यंत असल्याने त्यावर खुणेची गरजच राहिली नाही.

डिजिटल कॅमेऱ्यात संवेदकावरील अवरक्त-रोधक काच काढून दुसरी बसवली, तर काचांच्या जाडीतील ०.४ मिमी. फरकसुद्धा फोकस-प्रतल सुमारे ०.१३ मिमी. हलवितो, म्हणजे ५० मिमी. भिंगावरील खूण जेवढी दुरुस्ती करते साधारण तेवढाच. अशा आरसायुक्त कॅमेऱ्याचा फोकस नव्याने जुळवलेला नसेल, तर जुन्या भिंगावरील खूण विश्वासार्ह राहत नाही. आरसाविरहित कॅमेऱ्यात प्रतिमा थेट संवेदकावरच पाहून फोकस साधता येतो.