कान गेले आणि परत आले: पोर्ट मिररिंगची पार्श्वभूमी

स्विचवर (नेटवर्कमधली यंत्रं जोडणाऱ्या पेटीवर) मिररिंग, म्हणजे एका पोर्टवरच्या रहदारीची नक्कल तपासणीसाठी दुसऱ्या पोर्टवर काढणं, लावायला आज दोन-तीन कमांड पुरतात. एके काळी मात्र त्यांची गरजच नव्हती. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ पासून रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी जे इथरनेट घडवलं, त्यात सगळी यंत्रं एकाच केबलवर होती. चाळीच्या गॅलरीतलं बोलणं सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जावं, तशी प्रत्येक फ्रेम, म्हणजे माहितीचं प्रत्येक पाकीट, सगळ्यांपर्यंत पोचायची. दुसऱ्याच्या पत्त्यावरची फ्रेम नेटवर्क कार्ड टाकून द्यायचं, एवढंच. कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये, म्हणजे ‘सगळंच ऐक’ या स्थितीत ठेवलं, की ते टाकून देणंही थांबायचं.

१९८६ चा नेटवर्क जनरलचा स्निफर आणि लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत जन्मलेलं टीसीपीडंप ही रहदारी टिपणारी साधनं याच मोकळेपणावर पोसली. पुढे हब (आलेली फ्रेम सगळ्या तारांवर पाठवणाऱ्या पेट्या) आले, तारा वेगळ्या झाल्या, पण ऐकू येणं तसंच राहिलं.

१९९० मध्ये ‘कल्पना’ नावाच्या कंपनीचा सात पोर्टांचा इथरस्विच आला आणि गॅलरीची दारं बंद झाली. (हो, आपलीच कल्पना. भारतीय वंशाचे सहसंस्थापक विनोद भारद्वाज यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.) कोणता मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच शिकतो आणि फ्रेम तिथेच पाठवतो. नेटवर्क सुसाट झालं, पण रहदारी टिपून तपासणारा विश्लेषक बहिरा झाला. त्याच्या वाट्याला उरले ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीच्या फ्रेम, आणि ज्यांचा पत्ता स्विचला अजून माहीत नाही अशा फ्रेम. मग लोक संशयित तारेच्या मध्ये जुना हब घुसवायचे. उपाय ओबडधोबड, पण चालायचा.

त्यावर स्विच बनवणाऱ्यांनी शोधलेला तोडगा म्हणजे एका पोर्टच्या फ्रेमची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढणं. सिस्कोने त्याला ‘स्पॅन’ म्हटलं, म्हणजे स्विच्ड पोर्ट अ‍ॅनालायझर. १९९९ च्या आरएफसी २६१३ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात पोर्टची नक्कल एसएनएमपीवरून (उपकरणं दुरून सांभाळण्याच्या पद्धतीवरून) लावण्याची सोयही आली. तोवर नवी अडचण उभी होती: सर्व्हर एका मजल्यावरच्या स्विचवर, विश्लेषक दुसऱ्या. आरस्पॅनने, म्हणजे दूरच्या स्पॅनने, या नकलांसाठी एक राखीव व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क) दिला आणि ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या, स्विचांमधल्या दुव्यावरून) त्या पुढे नेल्या. या व्हीलॅनमध्ये मॅक पत्ते शिकणं बंद असतं, म्हणून नकला सगळीकडे पसरतात. मधल्या एखाद्या स्विचच्या ट्रंकवर तो व्हीलॅन सोडायचा राहिला, की पलीकडे शुकशुकाट, आणि चूक झाली असं कुठलाच दिवा सांगत नाही. पुढच्या ईआरस्पॅनने नक्कल जीआरईत (एक पॅकेट दुसऱ्यात घालून नेण्याच्या पद्धतीत) गुंडाळून राउटरही ओलांडले. त्याची किंमत बहुधा फ्रेममागे ५० बाइट.

एक उणीव मात्र जन्मापासूनची आहे. १ गिगाबिटच्या पोर्टवर दोन्ही दिशांनी मिळून २ गिगाबिट वाहू शकतात, नक्कल बाहेर पडणाऱ्या १ गिगाबिटच्या पोर्टवर मात्र १ च मावतो. उरलेलं स्विच गुपचूप टाकून देतो. खराब सीआरसीच्या (चूक तपासण्याचा आकडा न जुळणाऱ्या) फ्रेम तर सहसा नकलेपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून ज्यांना अक्षरन् अक्षर हवं, ते थेट तारेवर टॅप, म्हणजे वाहणाऱ्या सगळ्याची हुबेहूब नक्कल काढणारं उपकरण, बसवतात.

आम्ही एकदा ‘पॅकेट हरवतायत’ म्हणून सर्व्हरवाल्यांशी दोन दिवस भांडलो. हरवत होती ती आमच्याच मिररमध्ये.