प्लॅट अमेंडमेंट

प्लॅट अमेंडमेंट म्हणजे अमेरिकेने १९०१ साली स्वतःच्या संसदेत पास केलेल्या आणि मग क्यूबाला त्याच्याच राज्यघटनेत जशाच्या तशा घालायला लावलेल्या आठ अटी. १९०१ ते १९३४ अशी ३३ वर्षं त्या अंमलात होत्या. क्यूबा-अमेरिका भांडण म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट फिडेल कॅस्ट्रो आणि मिसाईल क्रायसिसवर जाते, पण क्यूबन लोक हा हिशोब १८९८ पासून मांडतात आणि त्यात प्लॅटचं नाव सारखं येतं, त्यामुळे हे प्रकरण माहीत नसेल तर १९५९ च्या कॅस्ट्रोच्या क्रांतीनंतरचा क्यूबाचा राग उगाच डोक्यात गेल्यासारखा वाटतो.

झालं असं की क्यूबा स्पेनची वसाहत होती आणि क्यूबन लोक स्पेनविरुद्ध १८६८ पासून लढत होते. शेवटची लढाई १८९५ ला सुरू झाली, तिचा मेंदू होता होसे मार्ती, कवी आणि पत्रकार, ज्याने पंधराएक वर्षं न्यूयॉर्कमध्ये काढली होती आणि म्हणूनच अमेरिकेबद्दल त्याच्या मनात धाकधूक होती. मरायच्या आदल्या दिवशी लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मी त्या राक्षसाच्या पोटात राहिलोय, त्याची आतडी मला माहीत आहेत. १९ मे १८९५ ला तो दोस रिओसला गोळी लागून गेला. लढाई चालूच राहिली, स्पेन जेरीला आलं, आणि १५ फेब्रुवारी १८९८ ला हवानाच्या बंदरात मेन नावाची अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली, अडीचशेच्या वर खलाशी मेले. स्फोट कशाने झाला यावर आजही वाद आहेत पण अमेरिकन पेपरांनी तेव्हाच स्पेनला दोषी ठरवून टाकलं आणि एप्रिलमध्ये युद्ध पुकारलं गेलं. युद्धात उतरताना अमेरिकन संसदेने टेलर अमेंडमेंट म्हणून एक ठराव केला होता की क्यूबा आम्ही गिळणार नाही, शांतता झाली की बेट तिथल्या लोकांच्या हवाली करू.

युद्ध काही महिन्यांत आटोपलं. सांतियागो शहर शरण आलं तेव्हा क्यूबन सेनापती कालिक्स्तो गार्सियाच्या सैन्याला शहरात शिरू दिलं नाही, आणि डिसेंबरात पॅरिसला तह झाला त्यात क्यूबाचा एकही माणूस टेबलावर नव्हता. १ जानेवारी १८९९ ला हवानात स्पेनचा झेंडा उतरला आणि वर चढला तो अमेरिकेचा. तीस वर्षं ज्यांनी रक्त सांडलं त्यांनी हे बघत उभं राहायचं होतं.

आता पंचाईत अशी की टेलर ठरावामुळे बेट उघडपणे ठेवून घेता येत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. त्यावर युद्धमंत्री एलिहू रूट याने तोडगा काढला, अटी त्याने बनवल्या, आणि कनेक्टिकटचा सिनेटर ऑर्व्हिल प्लॅट याने त्या सैन्याच्या खर्चाच्या बिलाला जोडून सिनेटमध्ये मांडल्या, म्हणून नाव त्याचं लागलं. २ मार्च १९०१ ला प्रेसिडेंट मॅकिन्लीने सही केली.

अटींमध्ये सगळ्यात जहाल होती तिसरी: क्यूबाचं स्वातंत्र्य टिकवायला आणि लोकांचा जीव, मालमत्ता, स्वातंत्र्य सांभाळणारं सरकार तिथे ठेवायला अमेरिका हवं तेव्हा हस्तक्षेप करू शकेल. पहिलीत म्हटलं होतं की स्वातंत्र्याला बाधा येईल असा करार परदेशाशी करायचा नाही, दुसरीत कर्ज ऐपतीबाहेर काढायचं नाही, सहावीत पाईन्स नावाचं बेट क्यूबाच्या हद्दीत धरलंच नव्हतं (ते अधिकृतपणे क्यूबाचं व्हायला १९२५ उजाडलं), आणि सातवीत कोळसा भरायला आणि आरमारासाठी जागा द्यायची. शहरं स्वच्छ ठेवा हीसुद्धा एक अट होती. हसू येतं, पण कारण खरं होतं, पिवळा ताप हवानातून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांत पोचायचा. तो डासांमुळे पसरतो हे मात्र कार्लोस फिनले या क्यूबन डॉक्टरने १८८१ मध्येच सांगून ठेवलं होतं.

क्यूबाची घटनासमिती तेव्हा हवानात बसलेली होती. त्यांना सांगितलं गेलं की हे घाला, नाहीतर सैन्य हलणार नाही. शिष्टमंडळ वॉशिंग्टनला जाऊन रूटला भेटून आलं, त्याने गोड बोलून समजूत काढली की हस्तक्षेप म्हणजे काही रोजची ढवळाढवळ नव्हे. मग समितीने स्वतःच्या अर्थाच्या टिपा जोडून १५ विरुद्ध १४ मतांनी मंजुरी दिली, तर वॉशिंग्टनने ती नाकारली, टिपा काढा आणि शब्दाला शब्द घ्या. शेवटी १२ जून १९०१ ला १६ विरुद्ध ११ ने ते झालं. विरोध करणाऱ्यांत हुआन गुआल्बेर्तो गोमेस होता, गुलामाच्या घरात जन्मलेला पत्रकार, मार्तीचा जुना साथीदार. त्याचं म्हणणं होतं की ही आपल्या घराची चावी अमेरिकनांच्या हातात देणं आहे, दिवसा-रात्री कधीही आत यायला. हो म्हणणारे सगळे विकले गेलेले होते असं नाही, बऱ्याच जणांचा हिशोब साधा होता की लष्करी राजवटीपेक्षा अर्धं स्वातंत्र्य बरं. आणि गंमत म्हणजे तिथला अमेरिकन गव्हर्नर लेनर्ड वुड यानेच त्या ऑक्टोबरात थिओडोर रूझवेल्टला पत्रात लिहून टाकलं की प्लॅटनंतर क्यूबाकडे स्वातंत्र्य फारसं उरलेलं नाही. विरोधक जे ओरडून सांगत होते ते यांनी खाजगीत मान्य केलेलं.

२० मे १९०२ ला प्रजासत्ताक सुरू झालं, तोमास एस्त्रादा पाल्मा प्रेसिडेंट. चार वर्षांतच चावी वापरली गेली, तीही घरच्यांनी बोलावून. निवडणुकीत गडबड झाली, लिबरल पक्षाने बंड केलं, एस्त्रादा पाल्माने स्वतःच अमेरिकेला या म्हटलं, आणि १९०६ ते १९०९ पुन्हा अमेरिकन राज्य आलं. प्लॅटचं खरं नुकसान मला इथे दिसतं. सत्तेत असलेला मदत मागायचा, हरलेला मुद्दाम दंगा करायचा की अमेरिका येईल, आणि देशातली भांडणं देशात मिटवायची सवय लागलीच नाही. १९१२ ला आणि १९१७ ला परत मरीन्स, म्हणजे अमेरिकन नौसैनिक, उतरले. १९१२ ला कारण काळ्या लोकांच्या पक्षाचं बंड होतं, ते चिरडलं क्यूबाच्या सैन्याने आणि हजारो माणसं मारली गेली. साखरेवर १९०३ च्या करारात २० टक्के कर सवलत मिळाली होती, त्यामुळे सगळी अर्थव्यवस्था ऊस आणि अमेरिकन गिऱ्हाईक यांच्याभोवती फिरायला लागली.

१९३३ ला प्रेसिडेंट माचादोची हुकूमशाही पडली, सार्जंटांचं बंड झालं (त्यात बातिस्ता नावाचा एक सार्जंट पुढे आला, ज्याला १९५९ ला कॅस्ट्रोने हाकललं), आणि रामोन ग्राऊच्या सरकारने प्लॅट आम्ही मानत नाही असं एकतर्फी जाहीर केलं. अमेरिकेने त्या सरकारला मान्यताच दिली नाही, ते चार महिन्यांत गेलं, आणि मग पुढच्या मर्जीतल्या सरकारशी २९ मे १९३४ ला करार करून तीच अमेंडमेंट सन्मानाने रद्द केली.

सातव्या अटीतून निघालेला ग्वांतानामोचा तळ तेवढा राहिला. १९०३ ला वर्षाला २००० डॉलर भाड्याने घेतलेली ही सुमारे ११७ चौरस किलोमीटर जागा, १९३४ च्या करारात असं लिहिलं की दोघांनी मिळून ठरवलं किंवा अमेरिकेने स्वतः सोडली तरच लीज संपेल, म्हणजे एकट्या क्यूबाच्या हातात काही नाही. भाडं ४०८५ डॉलर झालं. क्रांतीनंतर १९५९ चा एक चेक वटवला गेला, कॅस्ट्रोच्या म्हणण्याप्रमाणे गोंधळात, त्यानंतरचे चेक त्याने टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिले. १९६४ ला क्यूबाने पाणी तोडलं तर अमेरिकेने समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट बसवला. २००२ पासून तिथला दहशतवादाच्या संशयितांचा कैदखाना जगाला माहीत आहे.

१९९६ ला अमेरिकेने हेल्म्स-बर्टन कायदा केला, त्यात क्यूबावरचे अमेरिकेचे व्यापारी निर्बंध कधी उठतील याच्या अटी आहेत, आणि त्यात मधल्या काळातल्या संक्रमण सरकारात फिडेल किंवा त्याचा भाऊ राऊल नको हेही लिहिलंय. शेजारच्या देशात कोण मंत्री असावं हे अमेरिकन कायद्यात लिहिलेलं बघून हवानाने याला नवं प्लॅट म्हटलं, आणि कॅस्ट्रो आवडत नसला तरी हा मुद्दा खोडणं अवघड आहे. त्याच कायद्यात ग्वांतानामो परत करण्याची बोलणी करायची तयारीही दाखवलीय, पण निवडून आलेलं सरकार आल्यावर. २०१५ ला दूतावास पुन्हा उघडले, २०१६ ला ओबामा हवानाला जाऊन आले, तेव्हाही तळाचा विषय अमेरिकेने चर्चेला घेतला नाही.