नवीन ब्रेक पहिल्या दिवशी का लागत नाही

माउंटन बाइकला नवे डिस्क ब्रेक बसवले किंवा नुसते नवे पॅड टाकले की लोकांची तक्रार ठरलेली असते, लिव्हर पार हँडलला टेकवला तरी गाडी थांबत नाहीये, पीस डिफेक्टिव्ह आलाय वाटतं. बहुतेक वेळा पीस ठणठणीत असतो. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की नवा पार्ट पहिल्या दिवशी सगळ्यात भारी आणि मग नुसता झिजत जाणार. डिस्क ब्रेकचं तसं नसतं, त्याची पूर्ण पकड आपल्यालाच चालवून तयार करावी लागते. याला बेडिंग-इन म्हणतात आणि यामागचं फिजिक्स मला प्रचंड आवडतं, त्यामुळे जरा खोलात जातोय.

घर्षण म्हटलं की दोन खरखरीत गोष्टी एकमेकांत अडकतात असं आपण शाळेपासून धरून चालतो. पण रोटर, म्हणजे चाकासोबत फिरणारी आणि पॅड जिला दाबून धरतात ती स्टीलची चकती, आरशासारखा दिसत असला तरी बारकाईने बघितला तर उंचवट्यांनी भरलेला असतो, पॅडही तसाच, म्हणजे दोघं खरे टेकतात ते फक्त त्या उंचवट्यांच्या टोकांवर, दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी किरकोळ भागात. केंब्रिजच्या बाउडेन आणि टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला धातूंवर काम करून मांडलं की या टोकांवर दाब इतका जबरदस्त असतो की पदार्थ तिथे एकमेकांना चक्क चिकटतात, आणि घर्षण म्हणजे मुख्यतः हे चिकटलेले सांधे तोडायला लागणारा जोर.

आता नवा ब्रेक घ्या. ऑरगॅनिक पॅड म्हणजे रेझिनमध्ये बांधलेले तंतू आणि पावडरी, सिंटर्ड पॅड म्हणजे धातूची पावडर दाबून तापवून एकजीव केलेली. कोऱ्या स्टीलवर हा पॅड थोडा ओरखडतो, बाकी घसरतो. मात्र घासून घासून तापला की त्याचं मटेरियल एकदम पातळ थर होऊन रोटरवर बसायला लागतं, आणि एकदा हा थर सगळीकडे सारखा बसला की पॅड स्वतःच्याच मटेरियलवर घासतो, सांधे जुळतात, तुटतात, परत जुळतात आणि पकड लिव्हरला बोट लावताक्षणी जाणवते. सोबत पॅडचं तोंडही घासून रोटरला नीट टेकायला लागतं.

हे सगळं उष्णतेशिवाय होत नाही. स्वार आणि बाइक मिळून 90 किलो, वेग ताशी 30 किमी, तर गतिज ऊर्जा होते साधारण 3100 ज्यूल. ती सगळी 150 ग्रॅमच्या एका स्टील रोटरमध्ये गेली असं धरलं तर त्याचं तापमान एका फटक्यात 40 अंशांच्या आसपास वाढतं. म्हणून एकदाच करकचून ब्रेक मारून काम होत नाही, सपाट मोकळ्या जागी ताशी 20 च्या आसपास वेग घ्यायचा, एकसारखा दाब देत चालण्याच्या वेगापर्यंत आणायचं, चाक लॉक होऊ द्यायचं नाही, परत वेग घ्यायचा, असं वीसेक वेळा, मग जरा जास्त वेगाने आणखी दहाएक वेळा. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा.

आणि यात पूर्ण थांबायचं नाही, हे लोक हमखास विसरतात. तापलेला पॅड एकाच जागी दाबून धरला तर तिथे त्याच्या आकाराचा जाड डाग बसतो, मग प्रत्येक फेरीला तो डाग आला की पकड बदलते, लिव्हर धडधडतो आणि रोटर वाकला म्हणून नवा आणला जातो, जुना सरळ असूनही.

या थराचा खरा शत्रू म्हणजे तेल. रोटरला बोटं लावू नका, चेनला स्प्रे मारताना रोटर झाका, ब्रेक किंचाळतो म्हणून त्यावर ल्यूब मारणं तर सरळ जिवाशी खेळ आहे. तेल लागलेले पॅड गॅसच्या ज्योतीवर जाळून 'शुद्ध' करायचे व्हिडिओ फिरतात, ते बघून कृपया काही करू नका. पॅड सच्छिद्र असतो, तेल आत मुरतं, आणि ते जाळायच्या नादात ऑरगॅनिक पॅडला बांधून ठेवणारं रेझिनही करपतं. कुणा एकाचं जमलं म्हणजे उपाय सिद्ध झाला असं होत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड नवे घ्या.

लिव्हरचा दाब पॅडपर्यंत नेणाऱ्या ब्रेक फ्लुइडबद्दल थोडक्यात. डॉट फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, डॉट 5.1 चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान 260 अंश असावा लागतो, पाणी शिरलेल्या फ्लुइडसाठी हीच अट 180 वर येते, म्हणून ते ठराविक काळाने बदलायचं. काही ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, या दोन्हींचे सील वेगळे असतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं कधीच नाही.

पॅडचा प्रकार बदलला, ऑरगॅनिक काढून सिंटर्ड टाकले, तर रोटरवरचा जुना थर बारीक सँडपेपरने घासून, अल्कोहोलने पुसून बेडिंग-इन पहिल्यापासून करावं लागतं. त्याआधी रोटर सिंटर्ड पॅडला चालतो का ते बघून घ्या, काही रोटर फक्त रेझिन पॅडसाठीच असतात आणि तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. तेव्हाच जाडीही मोजून टाका, नवा रोटर 1.8 मिमीच्या आसपास असतो, बरेचसे 1.5 ला बदलायचे असतात, नेमका आकडा सहसा रोटरवरच कोरलेला सापडतो.